फोटोपेक्षा घरच्यांची भीती मोठी : ऑनलाइन धमकीत अडकलेल्या मुलामुलींनी आणि पालकांनी काय करावं?

सप्टेंबर २०२२च्या अखेरीस पुण्यात अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन तरुणांनी आयुष्य संपवलं. एक दत्तवाडी भागातला, दुसरा धनकवडीतला. तपासात दोन्हीकडे एकच प्रकार पुढे आला. सोशल मीडियावरून धमकी येत होती, की पैसे दे, नाहीतर तुझा अश्लील व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो. पुढे पुणे पोलिसांच्या पथकाने राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात जाऊन एका संशयिताला अटक केली. ‘सेक्सटॉर्शन’ हा शब्द पुण्यातल्या अनेक घरांत तेव्हा पहिल्यांदा ऐकला गेला.

ते दोघे कायद्याने सज्ञान होते. पण हीच पद्धत शाळा आणि ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांवरही वापरली जाते. म्हणून एक प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. धमकी देणाऱ्याच्या हातात नेमकं असतं काय?

काही सेकंदांची क्लिप आणि ओळखीच्या माणसांची यादी, एवढंच. ‘हे घरी कळलं तर माझं काय होईल?’ ही भीती जोपर्यंत मुलाच्या मनात आहे, तोपर्यंतच त्या क्लिपला किंमत असते.

जाळं कसं टाकलं जातं?

सुरुवात साध्या फ्रेंड रिक्वेस्टने होते. प्रोफाइलवर मुलीचा फोटो असतो आणि दोन-चार कॉमन फ्रेंड्स दिसतात. हे कॉमन फ्रेंड्स म्हणजे आधीच रिक्वेस्ट स्वीकारून बसलेले तुमचेच मित्र. एकाने स्वीकारली की दुसऱ्याला विश्वास वाटतो.

मग गप्पा, नंबरची देवाणघेवाण आणि अचानक व्हिडिओ कॉल. समोर दिसते ती बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप. इकडे मुलाचा चेहरा, कधी त्याहून जास्त काही, स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पकडलं जातं. काही मिनिटांत ती क्लिप त्यालाच पाठवली जाते. सोबत असतो त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट : काका, मावशी, क्लासचे सर, शेजारचा दादा.

पैसे दिले तर प्रकरण मिटत नाही. पैसे देणारा माणूस सापडला, एवढंच समोरच्याला कळतं आणि मागणी वाढते. पुष्कळदा दुसरा फोन येतो. हा माणूस स्वतःला पोलीस, सीबीआय किंवा यूट्यूबचा अधिकारी म्हणवतो आणि ‘व्हिडिओ काढून टाकायचे’ वेगळे पैसे मागतो. तोही त्याच टोळीतला असतो.

एवढी माहिती त्याला कुठून मिळते?

बहुतेक वेळा आपणच ती उघडी ठेवलेली असते. अकाउंट पब्लिक असेल तर फॉलोअर्सची यादी कुणालाही वाचता येते. रीलवर फर्ग्युसन रस्त्याचं लोकेशन, फोटोत कॉलेजचं ओळखपत्र, बायोमध्ये शाळेचं नाव. हे सगळं एकत्र केलं की मुलगा किंवा मुलगी रोज कुठे असते, हे अनोळखी माणसालाही कळतं. स्नॅपचॅटच्या नकाशावर तर लोकेशन चालू असेल तर मित्रयादीतल्यांना आपण आत्ता कुठे आहोत ते थेट दिसतं. ‘घोस्ट मोड’ लावला की ते बंद होतं.

मोबाइल नंबरचंही तसंच. ढोल-ताशा पथकाचा, क्लासचा, सोसायटीच्या गणपतीचा, अशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शेकडो माणसं असतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. तोच नंबर यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँक खात्यावरचं नाव समोर येतं. फक्त नंबरवरून पूर्ण नाव आणि डीपीचा फोटो मिळवायला कुणी हॅकर असावं लागत नाही.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५मध्ये भारतातही ‘टीन अकाउंट’ आणलं. १८ वर्षांखालच्यांचं अकाउंट त्यात आपोआप प्रायव्हेट होतं आणि ओळख नसलेल्यांचे मेसेज रोखले जातात. १६ वर्षांखालच्यांना हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. पण यातली मोठी पळवाट म्हणजे जन्मतारीख. अकराव्या-बाराव्या वर्षी अकाउंट उघडताना अनेक मुलं भलतंच जन्मसाल टाकतात. मग चौदा वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामच्या लेखी पंचविशीची होते आणि तिला मोठ्या माणसांच्या सेटिंग्ज मिळतात. सगळ्यात आधी ही तारीख तपासा.

मुलींचं चित्र वेगळं का?

‘असर २०२४’ हे सर्वेक्षण ग्रामीण भारताचं आहे, त्यामुळे त्याचे आकडे पुणे शहराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी त्यातला कल बोलका आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातल्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलामुलींपैकी सुमारे ६२ टक्क्यांना प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं आणि ५५ टक्क्यांना अकाउंट प्रायव्हेट करता येत होतं. म्हणजे जवळपास निम्मी मुलं अकाउंट प्रायव्हेट कसं करतात हे न कळताच तिथे वावरत होती.

अनेक मुलींचा फोन हा ‘घरचा’ फोन असतो. पासवर्ड भावाला माहीत, गॅलरी आईसमोर उघडी. मुलगी खासगी म्हणावं असं काही ठेवूच शकत नाही आणि आपलं खासगीपण कसं जपायचं, हेही शिकत नाही.

मुलींना येणारी धमकीही वेगळ्या तऱ्हेची असते. ती अनोळखी टोळीकडून येतेच असं नाही. कधी ती वर्गातल्या मुलाकडून किंवा जुन्या मित्राकडून येते. ‘विश्वास आहे ना, मग पासवर्ड दे’ असं म्हणून घेतलेलं अकाउंट भांडणानंतर हत्यार बनतं. डीपीवरून फोटो उचलून एआय अ‍ॅपने बनावट नग्न चित्र तयार करणं आता सोपं झालं आहे. मुलीने कुणाला काहीही पाठवलेलं नसताना ती अडकू शकते.

मुलगा घरी सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. मुलगी सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाईल, क्लास बंद होईल, बाहेर पडणं थांबेल. शिक्षा तिलाच होणार, हे तिला ठाऊक असतं. धमकी देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

कायदा काय सांगतो?

१८ वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, २०१२चा पॉक्सो कायदा लागू होतो. मुलग्यांच्या बाबतीत हे अनेक पालकांना माहीतच नसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बीनुसार अल्पवयीनांची अश्लील चित्रं प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांसाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८नुसार खंडणीचा गुन्हा आहे.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अशी सामग्री डिलीट न करता, पोलिसांना न कळवता जवळ बाळगणं हाही पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. वर्गाच्या ग्रुपवर ‘बघ काय आलंय’ म्हणत एखाद्या मुलीचा फोटो पुढे ढकलणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने हे लक्षात ठेवावं. त्याला गंमत वाटत असली तरी प्रकरण बाल न्याय मंडळापर्यंत जाऊ शकतं.

पोलीस चौकीच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांनी पॉक्सोचं कलम २४ जाणून घ्यावं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी असावी आणि जबाब घेताना ती गणवेशात नसावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख जाहीर करता येत नाही. उलट, गुन्हा माहीत असूनही तो न कळवणं शिक्षेस पात्र आहे. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण दाबणाऱ्यांनाही हे लागू होतं.

धमकी आली तर लगेच काय करायचं?

पैसे देऊ नका. एकदाही नाही. आधीच दिले असतील तर तत्काळ १९३० या हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

चॅट डिलीट करू नका. घाबरून सगळं पुसून टाकलं तर पुरावाच जातो. प्रोफाइलची लिंक, मोबाइल नंबर, यूपीआय आयडी आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग ते अकाउंट रिपोर्ट करून ब्लॉक करा. मूळ फोटो किंवा क्लिप मात्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना पाठवू नका.

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथे नाव न देताही माहिती देता येते. पुण्यात सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे, पण तिथेच जायला हवं असं नाही. तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एक अमेरिकी संस्था २०२३पासून ती चालवते. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्यापासून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांना मिळतो. तोच फोटो कुणी तिथे टाकला तर ओळखून काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटवर मात्र याचा उपयोग होत नाही, कारण तिथले मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत.

मन फार खचलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर कधीही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

पालकांनी फोन तपासावा का?

लपून हेरगिरी करणारं अ‍ॅप टाकलं की मुलं दुसरं अकाउंट काढतात आणि पालकांना तेही कळत नाही. फोनच काढून घेतला तर पुढच्या वेळी मूल काही सांगणार नाही. वयाप्रमाणे उघड नियम ठरवणं हा मधला मार्ग आहे. इन्स्टाग्रामच्या पालक-नियंत्रणात मुलाने गेल्या सात दिवसांत कुणाला मेसेज केले ते दिसतं, काय लिहिलं ते दिसत नाही. घरातही साधारण एवढीच रेघ पुरेशी ठरते. ‘तू कुणाशी बोलतोस’ हे विचारायला हरकत नाही, पण प्रत्येक वाक्य वाचायची गरज नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या माणसालाही आहे.

या आठवड्यात मुलांसोबत बसून तीन गोष्टी करता येतील. जन्मतारीख बरोबर करा, अकाउंट प्रायव्हेट करा आणि मुलाने अडचणीत सर्वात आधी कुणाला फोन करायचा ते नाव ठरवा. ते नाव आई-बाबांचंच असलं पाहिजे असं नाही. मावशी, आत्या, दादा किंवा शाळेतल्या एखाद्या बाईही चालतील. आणि एक वाक्य आधीच सांगून ठेवा : ‘काहीही झालं तरी मला सांग. तुझा फोन काढून घेणार नाही, शाळा-क्लासही बंद करणार नाही.’ हा शब्द दिला तर तो पाळावाही लागेल. मुलाची खात्री पटली की धमकी देणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.