सिकलसेलचे म्युटेशन तसेच राहते, तरी पेशंट बरा कसा होतो?

क्रिस्पर म्हटले की बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र पक्के बसलेले असते. जनुकात चूक आहे, कात्री गेली, चुकीचे अक्षर कापले, बरोबर अक्षर चिकटवले, पेशंट बरा. पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूत 'कॅसजेव्ही कसे काम करते?' असे विचारले तर हेच उत्तर पटकन तोंडावर येते. आणि ते चूक आहे. कॅसजेव्ही घेतलेल्या पेशंटच्या स्टेम सेलमध्ये सिकलसेलचे म्युटेशन जसेच्या तसे असते, त्याला कोणी हातही लावलेला नसतो. मग कात्री चालली कुठे? आज तेच बघू.

आधी आजार थोडक्यात. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून येणाऱ्या असह्य दुखण्याला 'क्रायसिस' म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या भागांतले असाल तर 'एएस' आणि 'एसएस' हे शब्द तुम्ही पाठ्यपुस्तकाच्या आधी आरोग्य केंद्रातच ऐकले असतील. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

आता खरी गंमत. एसएस असलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा काहीच त्रास होत नाही. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये हे नेमके हेरले आणि त्याचा संबंध गर्भातल्या हिमोग्लोबिनशी जोडला. गर्भात असताना आपण बीटा नाही, गॅमा ग्लोबिन वापरतो. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद होते, बीटा सुरू होते, आणि त्याबरोबर आजारही. काही थोड्या लोकांत मात्र गॅमा मोठेपणीही चालूच राहते. अशा माणसाला सिकलसेल असला तरी तो सौम्य राहतो, कारण गॅमा असलेले हिमोग्लोबिन त्या दोऱ्यांत नीट बसत नाही.

म्हणजे प्रश्न उलटा झाला. बिघडलेले बीटा दुरुस्त कसे करायचे हे राहू द्या, बंद पडलेले गॅमा परत चालू कसे करायचे? हा प्रश्न माहीत असूनही साठ वर्षे 'स्विच' सापडत नव्हता. २००७ आणि २००८ मध्ये तो सापडला तोही सिकलसेलच्या प्रयोगशाळेत नाही. युरोपातल्या आणि सार्डिनिया बेटावरच्या लोकांचे जीनोम तपासून, कोणाच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन जास्त आहे आणि त्यांच्या डीएनएत वेगळे काय आहे, हे शोधले गेले. बोट गेले बीसीएल-११ए या जनुकावर. तोवर ते बी लिम्फोसाइट आणि रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात ओळखीचे होते, नावही त्यावरूनच पडलेले. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: या पुराव्यावर तुम्ही औषध बनवायला घ्याल का? नाही घ्यायचे. हा फक्त सहसंबंध झाला. २००८ मध्येच स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने मानवी पेशींत बीसीएल-११ए कमी करून गॅमा वाढते हे दाखवले. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांत रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींमधून ते जनुक काढले, तर उंदरांचा आजार आटोक्यात आला. पेपर वाचताना 'संबंध दिसला' आणि 'कारण सिद्ध झाले' यांमधली ही पायरी कुठे आहे ते आधी शोधत जा.

तरीही अडचण होतीच. बीसीएल-११ए बी लिम्फोसाइट घडायला लागते, मेंदूच्या वाढीत लागते, खुद्द रक्ताच्या स्टेम सेललाही लागते. ते सरसकट मोडले तर एक आजार घालवून दुसरे ओढवून घेणे झाले. २०१३ मध्ये उत्तर मिळाले. या जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये एक एनहान्सर आहे, जो फक्त तांबड्या पेशी घडताना काम करतो. समजा घरातला एकाच खोलीचा फ्यूज काढला, तर बाकी घरातले दिवे चालूच राहतात. कॅसजेव्हीची कात्री त्या एनहान्सरमध्ये जिथे गाटा-१ हे प्रथिन बसते, तिथे कापते. पेशी ती फट घाईघाईने जोडते, जोडताना दोन-चार अक्षरे इकडेतिकडे होतात आणि गाटा-१ ची बसायची जागा मोडते. बघा, इथे अचूक दुरुस्तीची गरजच नाही. स्टेम सेलमध्ये अचूक दुरुस्ती करून घेणे अवघड, बिघडवणे सोपे. पूर्ण उपचार या सोप्या बाजूवर उभा आहे, आणि मला यातला सर्वात हुशार भाग हाच वाटतो.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये याला मान्यता दिली. अमेरिकेच्या मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ पेशंटपैकी २९ जणांना सलग १२ महिने एकही गंभीर क्रायसिस आला नव्हता. आकडा मोठा आहे, पण छेदही बघा: ३१. म्हणूनच या पेशंटवर १५ वर्षे नजर ठेवायचे ठरले आहे.

बातम्यांत जे घाईने सांगितले जाते ते म्हणजे त्रास. पेशंटच्या स्टेम सेल बाहेर काढून एडिट करतात, मग बुसल्फान नावाच्या केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात, आणि नंतर त्या पेशी परत सोडतात. कित्येक आठवडे दवाखान्यात, संसर्गाचा धोका, वंध्यत्वाचीही शक्यता. वीस वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगणे म्हणजे नुसती संमतीपत्रावर सही घेणे नव्हे. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

धानोऱ्यातल्या किंवा धडगावातल्या पेशंटच्या हातात आज काय आहे? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या. त्याही गर्भ-हिमोग्लोबिन वाढवतात, स्वस्त आहेत, आणि नियमित मिळाल्या तर क्रायसिस कमी होतात. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. तपासणीत सापडलेल्याला गोळी दर महिन्याला मिळते का, हा प्रश्न मला क्रिस्परइतकाच संशोधनाचा वाटतो.

दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूतले वेगळे कॅस-९ सुधारून स्वतःची कात्री बनवली आहे. त्यावर आधारलेला सिकलसेलचा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला. किंमत यामुळे उतरू शकेल. बुसल्फानचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. स्टेम सेल बाहेर न काढता शरीरातच एडिट करता येतील का, यावर जगभर काम चालू आहे, लिपिडच्या नॅनोकणांतून कात्री थेट अस्थिमज्जेपर्यंत पोचवायची असा प्रयत्न आहे.

विषय शोधत असाल तर आणखी एक धागा. भारतातल्या बऱ्याच पेशंटमध्ये सिकलसेलचा अरब-भारतीय हॅप्लोटाइप असतो, ज्यात गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते. म्हणून 'आपल्याकडचा आजार सौम्य' असे पुस्तकांत लिहिलेले सापडते. विदर्भात मात्र तीव्र आजाराचे पेशंटही भरपूर दिसतात. हॅप्लोटाइप तोच असून एकाला वर्षात सहा क्रायसिस आणि दुसऱ्याला एकही नाही, असे का?