जहाज थांबत नाही, होडीनं थांबावं

वाशीमहून मुंबई पाहायला जाणाऱ्यांच्या बेतात घारापुरीची लेणी हमखास असतात. गेटवेवरून त्याच फेरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. इंजिनाची चाचणी सुरू असताना ती स्पीडबोट ताब्याबाहेर गेली होती. अशा अपघातापुढे लहान बोटीचं फारसं काही चालत नाही. पण एरवी या गजबजलेल्या पाण्यात कोळ्यांचे मचवे, प्रवासी लाँच आणि शिडाच्या होड्या सुखरूप ये-जा करतात, त्या कशाच्या भरवशावर?

मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांना गाळ उपसून खोल केलेल्या अरुंद मार्गातूनच यावं लागतं. बाजूला वळलं तर तळ टेकण्याची भीती. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन मोठी जहाजंच एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

शिडाच्या होडीला इंजिनवाल्यानं वाट द्यावी, असा दर्यावरचा सर्वसाधारण नियम. तो खोल मार्गात उलटतो. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शिडाच्या होडीनं किंवा 20 मीटरपेक्षा लहान बोटीनं अशा मार्गातल्या जहाजाची वाट अडवायची नाही. समृद्धी महामार्गावर भरधाव ट्रेलर चटकन थांबत नाही, हे आपण जाणतोच. जहाजाला तर थांबायला किलोमीटरच्या हिशेबात अंतर लागतं. शिवाय मोठ्या जहाजाच्या नाळेपुढचं 500 मीटरपर्यंतचं पाणी चालकाला दिसलं नाही, तरी ते नियमात बसतं.

आता हिशेब पाहा. मार्ग अर्धा किलोमीटर रुंद धरला, तर 3 नॉट वेगाच्या होडीला तो ओलांडायला साधारण साडेपाच मिनिटं लागतात. तेवढ्यात 12 नॉटनं येणारं जहाज दोन किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. वारा पडला की होडी मधेच अडकते. म्हणून मार्ग काटकोनात, कमीत कमी वेळात ओलांडायचा आणि शंका असेल तर जहाज पुढे जाऊ देऊन त्याच्या मागून जायचं.

टक्कर ओळखायची खूण सोपी आहे. होकायंत्रावर जहाजाची दिशा पुन्हापुन्हा मोजायची. अंतर घटतंय, पण दिशा बदलत नाही, म्हणजे टक्कर ठरलेली. रात्री जहाजाचा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ते थेट तुमच्यावर येतंय. भोंग्याचे पाच तुटक आवाज म्हणजे ‘तुमचा इरादा कळत नाही’ हा इशारा. व्हीएचएफ रेडिओवर 16 नंबरचा चॅनल कायम ऐकत राहायचा. लाकडी किंवा फायबरची होडी रडारवर नीट उमटत नाही, म्हणून डोलकाठीवर रडार परावर्तक लावायचा.

आणि वळायचंच असेल, तर लवकर आणि ठळक वळायचं. जरा-जरा दिशा बदलणारी होडी जहाजावरून कळतच नाही.