साप्ताहिक सभा आणि घारापुरीचें बेट

संस्कृत वैयाकरणांनीं सांगितलेल्या दोन व्युत्पत्ति मोठ्या मनोवेधक आहेत. 'सह' आणि 'भा' यांपासून ते 'सभा' हा शब्द साधितात. जेथें अनेकजण एकत्र शोभतात ती सभा. 'द्वि' आणि 'अप्' यांपासून 'द्वीप' होतो. ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें द्वीप. पहिला शब्द माणसें जोडणारा, दुसरा तीं तुटल्याची आठवण देणारा. या दोहोंची गांठ कशी पडावी, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

हल्लीं तालुक्याच्या गांवींही सेवाकार्य करणारे क्लब दिसतात. त्यांत रोटरी हा सर्वांत जुना. इ. स. १९०५ च्या २३ फेब्रुवारीस अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाचे वकील व त्यांचे तीन स्नेही प्रथम एकत्र बसले. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक शिंपी होता. बैठक आळीपाळीनें प्रत्येकाच्या कचेरींत फिरत असे, म्हणून फिरतें चक्र सुचविणारें 'रोटरी' हें नांव पडलें. आपल्या देशांत १९१९ सालीं कलकत्त्यास व १९२९ सालीं मुंबईस या संस्थेचे क्लब निघाले. स्त्रियांस मात्र सभासदत्वाचें दार १९८९ सालीं उघडलें, हें आमच्या भगिनीवर्गानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या क्लबांचा प्राण म्हणजे साप्ताहिक सभा. ठरल्या वेळीं घंटा होते, पाहुण्यांची ओळख करून देतात, कोणाचा वाढदिवस असल्यास अभीष्टचिंतन होतें, कामाचा वृत्तांत वाचला जातो आणि मग एखाद्या विषयावर छोटेसें व्याख्यान होतें. २०१६ सालीं नियम सैल होऊन महिन्यांतून निदान दोन सभा भरल्या तरी चालतें असें ठरलें. तथापि दर आठवड्यास भेटणारे क्लब अजून पुष्कळ आहेत. कोणी म्हणतात, हा केवळ खाण्याबोलण्याचा सोहळा. तें सर्वस्वीं खरें नाहीं. १९८५ सालीं याच संस्थेनें जगांतून पोलिओ घालविण्याचा संकल्प सोडला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना व घरोघर फिरणाऱ्या असंख्य सेविका यांच्या जोडीनें आपल्या देशापुरता तो सिद्धीस गेला. नैसर्गिक विषाणूचा येथील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधील. पुढें २७ मार्च २०१४ रोजीं आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. इतकें दीर्घ काम एका दिवसाच्या उत्साहानें होत नाहीं. त्यास आठवड्यामागून आठवडा भेटत राहण्याची संवय लागते.

अशाच एका सभेंत घारापुरीविषयीं बोलण्यास प्रस्तुत लेखकास पाचारण करण्यांत आलें. मुंबईच्या गेटवेपासून सुमारें १० किलोमीटरांवर, बोटीनें तासाभराच्या अंतरावर असलेलें हें बेट रायगड जिल्ह्यांत, उरण तालुक्यांत मोडतें. धक्क्यावरून पुढें सुमारें १२० पायऱ्या चढल्या म्हणजे सहाव्या शतकांत एकाच खडकांत कोरलेलें मुख्य लेणें लागतें. त्यांतील सदाशिवाची मूर्ति सुमारें १८ फूट उंच आहे. मधलें मुख प्रशांत. पाहणाराच्या डावीकडचें उग्र अघोराचें, उजवीकडचें कोमल वामदेवाचें. दोहों बाजूंस अर्धनारीश्वर व गंगाधर. इतरत्र नटराज, अंधकासुरवध, शिवपार्वतीचा विवाह, कैलास हालविणारा रावण. १९८७ सालीं युनेस्कोनें या लेण्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. डोंगरावर जुन्या तोफा आहेत, एका टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत.

बेटावरून लोकांनीं नेलें पुष्कळ. येथील एक शिलालेख पोर्तुगीजांनीं आपल्या देशीं पाठविला आणि तो कायमचा हरवला. त्यामुळें हीं लेणीं कोणत्या राजानें कोरविलीं यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास 'एलिफंटा' नांव दिलें, तो १८६४ सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत मोडला. आतां तो सांधलेल्या स्थितींत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत उभा आहे.

व्याख्यान संपल्यावर टाळ्या झाल्या. आभार मानण्यास एकजण उठणार, तोंच मागील रांगेंतून एका तरुण सभासद बाईंनीं विचारलें, "गुरुजी, लेणीं समजलीं, पण तेथें माणसें राहतात कशीं?"

प्रश्न मार्मिक होता. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशीं तीन लहान गांवें या बेटावर आहेत. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत, आणि या गांवांस संध्याकाळचे कांहीं तास जनित्रावरची वीज! समुद्राच्या तळांतून सुमारें साडेसात किलोमीटरांची तार टाकून नियमित वीज पोंचली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनीं. येथील बहुतेकांचें पोट येणाऱ्याजाणाऱ्यांवर चालतें. सोमवारीं लेणीं बंद, पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं बोटी बंद. हें ऐकून सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग कांहीं न देतां आधीं बेटावर जावें, शाळेच्या शिक्षकांस व गांवकऱ्यांस काय हवें तें विचारावें, आणि मगच ठराव करावा, असें सर्वांनुमतें ठरलें. या वयांत पुष्कळ सभा पाहिल्या. परंतु देण्यापूर्वीं विचारण्याचा ठराव विरळा.

आमच्या वाचक कुटुंबांनींही सुटींत घारापुरीस अवश्य जावें. घरांतील वडीलधाऱ्यांस पायऱ्या झेपत नसल्यास तेथें डोलीची सोय असते. १८ डिसेंबर २०२४ रोजीं या जलमार्गावर नौदलाची एक नौका प्रवासी बोटीवर आदळून अनेकांचे प्राण गेले. यास्तव लहानथोर सर्वांनीं जीवरक्षक जाकीट घातल्यावांचून बोटींत बसूं नये. वानरांस खाऊ देऊं नये, केरकचरा आपल्याबरोबर परत आणावा. डबा घरचा नेला तरी चहा, काकडी, बोरें तेथील बायांकडूनच घ्यावीं आणि भाव करतांना हात आंखडूं नये. मुलांस मूर्ति दाखवावी, तशीं गांवेंही दाखवावीं.

पाषाणांतील देव पाहून परतणें सोपें आहे. त्या देवाच्या शेजारीं राहणारा माणूस ज्यास दिसला, त्याचीच यात्रा पुरी झाली असें आम्ही समजतों.