तुटलं तिथून पुढे

डायल-अपच्या काळात गारगोटीत नेट म्हणजे 56 केबीपीएसचा मोडेम. पदरात पडायचे सेकंदाला चार-पाच केबी. पाच एमबीच्या फाइलला वीस मिनिटं, तेवढ्यात घरात कुणी एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचलला की लाइन कट! फाइल पुन्हा पहिल्यापासून.

चीड याची येते की उपाय होता. सर्व्हरला 'अमुक बाइटपासून पुढचंच दे' असं सांगायची सोय एचटीटीपी 1.1 मध्ये 1997 लाच झाली होती. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र पॉज-रिझ्यूमवाला डाउनलोड मॅनेजर मिळाला 2011 मध्ये, नवव्या आवृत्तीत. मधली वर्षं आम्हाला तारली ती गेटराइट, फ्लॅशगेट आणि आयडीएम (इंटरनेट डाउनलोड मॅनेजर) या डाउनलोड मॅनेजरांनी.

2005 मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, यथावकाश आमच्याकडेही पोचलं. 256 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर 32 केबी. उबुंटूच्या 700 एमबीच्या सीडीला सहा तासांहून जास्त. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजत नसत, म्हणजे सहाच तास! आयडीएमला दोनची वेळ लावून झोपायचं. मध्येच लाइट गेली तर उरलेलं दुसऱ्या रात्री. आयडीएमच्या खिडकीत फाइलचे आठ तुकडे करून आठ ठिकाणांहून निळी पट्टी भरत यायची. लोडशेडिंगनंतर मशीन चालू केलं, की भरलेला भाग तसाच दिसायचा. हायसं वाटायचं.

आयडीएम स्पीड वाढवतं, असं तेव्हा जो तो म्हणायचा. सर्व्हर दर कनेक्शनला हात आखडता घेत असेल, तर आठ कनेक्शनचा फायदा खरोखर होतो. पण लाइनच 256 ची असेल तर तुकडे कितीही करा, 32 केबीच्या वर काही जात नाही. आमच्या भागाला रिझ्यूमचीच खरी गरज होती.

2016 मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. क्रोम, फायरफॉक्स स्वतःच फाइल पुढे नेतात. तरी रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तीन जीबीचं सॉफ्टवेअर उतरवणारा विद्यार्थी आजही दोन-तीन दिवस त्याच कामात असतो. शिवाय अनेक साइट आता मुदतीची लिंक देतात. मुदत टळली की ब्राउझर हात वर करतो. आयडीएमनं उतरवत असाल, तर अशा वेळी अर्धी फाइल डिलीट करू नका. साइटवरून नवी लिंक घ्या आणि आयडीएममध्ये त्याच जुन्या डाउनलोडचा पत्ता बदला. सर्व्हरवरची फाइल तीच असेल, तर उतरलेला दीड जीबी वाया जात नाही.