सोपारें : यवनांना ठाऊक असलेलें बंदर

प्राचीन ग्रीक नगराचे अवशेष म्हटले कीं संगमरवरी खांब, डोंगराच्या उतारावरील अर्धवर्तुळाकार नाट्यगृह आणि पलीकडे समुद्र, असें चित्र मनापुढें उभें राहतें. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील एफिसस येथें प्रवासी जातो, तेव्हां त्याला खांब दिसतात, नाट्यगृहही दिसतें. समुद्र मात्र दिसत नाहीं. कायस्टर नदीच्या गाळानें बंदर बुजलें आणि किनारा कांहीं मैल दूर गेला. नाट्यगृहापासून धक्क्याकडे जाणारा जुना राजरस्ता आज कोरड्या जमिनींत संपतो.

असें पाण्यावांचून राहिलेलें बंदर पाहण्यास आपणांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. भिवंडी तालुक्यांतील खारबाव स्टेशनावर वसईकडे जाणारी गाडी धरावी, वसई रोडला ती बदलावी आणि उत्तरेकडील पुढच्याच नालासोपारा स्टेशनावर उतरावें. ज्याच्या नांवांतच खार आहे अशा या खारबावच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आहे. तिच्या वरच्या अंगास कल्याण, मुखाशीं वसई आणि वसईच्या उत्तरेस सोपारें. म्हणजे दोन प्राचीन बंदरांच्या मधल्या प्रदेशांत हें गांव वसलें आहे.

सोपारें ग्रीकांनीं वसविलें नव्हे. तें अपरान्ताचें, म्हणजे आपल्या उत्तर कोंकणाचें नगर. परंतु इ. स. च्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनांत ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ हीं दोन्ही बंदरें आलीं आहेत. दुसऱ्या शतकांतील भूगोलवेत्ता टॉलेमी यानेंही सोपाऱ्याची नोंद केली आहे. कल्याणच्या व्यापारास त्या काळीं अडथळा आला होता. तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें पेरिप्लसकार सांगतो. या परदेशीयांना आपले पूर्वज यवन म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत यवनांनीं दान दिलेले खांब त्यांच्या लेखांसह आजही उभे आहेत.

आतां प्रत्यक्ष सोपाऱ्यांत काय दिसतें? खांब नाहींत, नाट्यगृह नाहीं. दिसतो तो विटांचा एक स्तूप. त्याचा मूळ इतिहास विसरलेले लोक त्या टेकाडास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणलें. आंत दगडी पेटी निघाली. तिच्यांत तांब्याचा, रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकांत एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंडकांत मातीच्या भांड्याचे 13 लहान तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशा श्रद्धेनें जपलेले. भोंवतीं आठ मूर्ति होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहे. तेव्हां सोपाऱ्याची यात्रा मुंबईस परतल्यावर पुरी होते.

त्याच वर्षीं भगवानलालांना येथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. तो लेख यात्रेविषयींच आहे, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं, करमणुकीसाठीं विहारयात्रा करीत. अशोकानें त्याऐवजीं धर्मयात्रा सुरू केली. तींत वृद्धांचें दर्शन, दानधर्म आणि खेड्यापाड्यांतील लोकांच्या भेटी यांना स्थान होतें.

अवशेष पाहण्यासही हीच दृष्टि हवी. केवळ स्तूपाभोंवतीं एक फेरी मारून, शिदोरी सोडून परतल्यास विटांपलीकडे कांहीं दिसणार नाहीं. गांवांतील एखाद्या वृद्धास पूर्वीं होड्या कोठवर येत हें विचारावें, आणि त्यानें हात केलेल्या दिशेस चालत जावें. वाटेंतील तळीं, खाजणें, तिवरांच्या राया यांवरून खाडी कोठून वाहत होती याचा अदमास येऊं लागतो. ही खाडी गाळानें भरत गेली, मोठ्या गलबतांना ती उथळ पडली, आणि एफिससप्रमाणेंच येथेंही व्यापारानें दुसरा मार्ग धरला.

ही ओळख आतां लांबणीवर टाकतां येण्यासारखी नाहीं. नालासोपारा हें दाट वस्तीचें शहर झालें आहे आणि जुन्या बंदराच्या भूमीवर घरांचे पाये खणले जात आहेत. 1956 सालीं जवळच्या भुईगांव येथें अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे 1882 च्या उत्खननानें भूमि रिकामी झाली नव्हती. उद्यां एखाद्या पायांतून अक्षरें कोरलेला दगड निघाला, तर तो भरावांत टाकावयाचा कीं बाजूस ठेवून पुरातत्त्व खात्यास कळवावयाचें, हें त्या वेळीं तेथें उभ्या असलेल्या माणसाच्या माहितीवर अवलंबून राहील. म्हणून घरांतील मुलांना एका रविवारीं सोपाऱ्यास न्यावें आणि पुढच्या रविवारीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नेऊन तेथील अशोकलेखाचा दगड दाखवावा. ब्राह्मी अक्षरांचें वळण एकदां नजरेंत बसलें कीं पुढें तें कोठेंही ओळखतां येतें.