लेबल झाकून चाखलेली रेड वाईन



आपल्या वांकिडी-आसिफाबाद भागात दारूच्या दुकानावर 'वाईन्स' अशी पाटी असते. आत मात्र बिअर आणि व्हिस्कीच जास्त. वाईन म्हणजे दारूच, असे आमच्याही घरी धरलेले होते. कारणही तसेच होते. आमचे थोरले बंधू दारूपायीच गेले. सीमेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, तेव्हा सर्वांत जास्त समाधान आमच्या वहिनींना वाटले होते.

त्यामुळे गेल्या दिवाळीत मुलाने हैदराबादहून रेड वाईनच्या तीन बाटल्या आणल्या, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी सौ.ने तोडगा काढला: "प्यायची नाही, पारखायची."

एक बाटली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या नावाची, सुलाची. दुसरी सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची, फ्राटेलीची. तिसरी बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची. पहिल्या दोन शिराझ द्राक्षाच्या. तिसरीत शिराझबरोबर कॅबर्ने सॉव्हिन्यों. खरे तर तिन्ही एकाच जातीच्या हव्या होत्या. म्हणजे उरलेला फरक माती, हवा आणि करणाऱ्याच्या हाताचा, असे म्हणता येते.

काळ्या द्राक्षाचा रस बहुधा रंगहीनच असतो. रेड वाईनसाठी तो सालींसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो. साल आणि बी यांतून तुरटपणाही येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तोच हा गुण. बाटलीगणिक तो कमी-जास्त असतो.

आम्ही केले ते असे. वहिनी चाखणार नव्हत्या, म्हणून पंच त्याच. त्यांनी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून १, २, ३ आकडे टाकले. रेड वाईन १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. आपल्याकडची खोली एवढी थंड कुठली? म्हणून बाटल्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. सारखे ग्लास, खाली पांढरा कागद, प्रत्येकी ५० मिली. आधी रंग पाहायचा, मग वास, मग छोटा घोट. मध्ये पाणी आणि साधा पाव. चिवडा-शेव अजिबात नाही. १० पैकी गुण कागदावर लिहायचे आणि तोवर बोलायचे नाही. एकाने "वा!" म्हटले की बाकीच्यांची जीभ तिकडेच वळते.

वहिनींनी बेरीज केली. सर्वांत महाग बाटली चौघांपैकी एकाच कागदावर पहिली होती. मग त्यांनी न सांगता क्रम बदलून एकेक घोट पुन्हा दिला. ज्या वाईनला आम्ही आधी ७ दिले होते, तिलाच आता ५! बँकेत अशी तफावत निघाली असती तर रात्री घरी जाता आले नसते.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी अशीच लेबल झाकून चव घेतली. रेडमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली आणि फ्रान्सच्या नामांकित वाईन्स मागे पडल्या. जाणकारांचे असे होते, तर आमचे काय? किंमत आणि नाव आधी कळले की जीभ त्यांचेच ऐकते, एवढे पटले.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. ती औषध नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. महाराष्ट्रातून बाटल्या आणू नका. परराज्यातील दारू परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

आणि ज्यांच्या घरी हे चालत नाही, त्यांनी हीच रीत आंब्यावर किंवा चहावर करून पाहावी. संक्रांतीला वहिनींनी आम्हा सर्वांना डोळे मिटून तीन दुकानांचा गूळ चाखायला लावला. तिथेही आमचे गुण जुळले नाहीत.