काय राखावे, काय पुसावे

संगणकावर व्हिडिओचे संपादन करू लागले की डिस्क लवकर भरते. दर सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेले तासाभराचे चित्रण सुमारे ४५ गिगाबाइट जागा व्यापते. मग काहीतरी पुसावेच लागते. परंतु काय पुसावे, हा खरा प्रश्न होय.

अशा प्रकल्पात तीन प्रकारच्या फायली असतात. पहिल्या, कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ चित्रणाच्या. दुसरी, प्रकल्पाची फाइल; कोणता तुकडा कोठे कापावा व कोठे जोडावा, याची टिपणे तिच्यात असतात. ती बहुधा लहान असते. तिसऱ्या, काम जलद व्हावे म्हणून संगणकाने रचलेल्या तात्पुरत्या फायली. या पुसल्या, तरी पहिल्या दोहोंवरून संगणक त्या पुन्हा घडवितो. म्हणून प्रथम त्याच पुसाव्यात. संपूर्ण प्रकल्प पुसावयाचा असेल, तर मूळ चित्रणाची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरली आहे व ती नीट उघडते, याची आधी खात्री करावी.

१९६९ साली मानव चंद्रावर उतरला. तेथून आलेले मूळ चित्रण ज्या फितींवर होते, त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ साली काढला. प्रक्षेपणाच्या कमी स्पष्ट प्रती तेवढ्या हाती राहिल्या. फिती नव्या घेता आल्या असत्या. ते चित्रण पुन्हा घेता येणार नव्हते.